दारावरची न वाचलेली पाटी

बोलतेय ती मी, पाटी. दारावर शोधू नका, तिथे आता दुसरी लागली आहे. मी स्टोअररूममध्ये, बिघडलेल्या कूलरच्या मागे, भिंतीकडे तोंड करून उभी आहे. शाळेत तुम्हाला कधी कोपऱ्यात उभं केलं असेल, तर माझी अवस्था थोडीफार कळेल. फरक एवढाच, की तास संपल्यावर तुम्हाला परत बाकावर बसवत असत.

माझा जन्म इतवारीतल्या एका दुकानात झाला. पांढरं अॅक्रिलिक, त्यावर लाल अक्षरं. शेजारी एका लग्नाचा थर्माकोलचा फलक वाळत पडला होता, 'केयूर आणि वैभवी'. त्याला दोन कारागीर मन लावून चमकी लावत होते. मला कोणी चमकी लावली नाही. माझ्यावर लिहिलं, 'येथे गर्भाचे लिंग सांगितले जात नाही.' खाली बारीक अक्षरांत, 'तो कायद्याने गुन्हा आहे.' कारागिरानं फुंकर मारून धूळ उडवली आणि मला वर्तमानपत्रात गुंडाळलं. लग्नाचा फलक बँडबाजासोबत गेला म्हणतात. मी गेले सक्करदऱ्याला, पहिल्या मजल्यावरच्या एका सोनोग्राफी सेंटरमध्ये.

तिथे मला तपासणीच्या खोलीच्या दारावर, चौकटीच्या वर बसवलं. समोर चार बाकडी, एक काउंटर, भिंतीवर गुटगुटीत बाळाचं कॅलेंडर. मी त्या बाळाच्या बरोबर समोर. सात वर्षं आम्ही एकमेकांकडे बघत होतो. कॅलेंडरवरचं बाळ दरवर्षी बदलायचं, मी तीच राहायचे.

माणसं पाटी वाचत नाहीत, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं. पाटी आहे एवढंच बघतात. बायका पाणी पिऊन चुळबुळ करत बसलेल्या असतात, त्यांचं लक्ष आपल्या नंबराकडे. नवरे मोबाइलमध्ये. सासवा सुनेच्या चेहऱ्याकडे. कोणाची नजर वर आलीच, तर माझ्यावरून घसरून घड्याळावर जाते. सात वर्षांत मला पूर्ण वाचणारी माणसं बोटांवर मोजता येतील, आणि त्यांतले दोघे सरकारी तपासणीला आलेले होते.

मनातलं सांगू का? मला माझी ओळ पुरेशी वाटत नसे. इथे काय करत नाहीत ते मी सांगायचे. काय करतात ते कोण सांगणार? दाराला चिकटून असल्यानं आतलं सगळं मला ऐकू यायचं. डॉक्टर श्वेता मॅडम बाळाचा कणा मणक्या-मणक्यानं बघायच्या. मेंदू, ओठ, मूत्रपिंडं, हृदयाचे चार कप्पे, सगळं. चाळीस-चाळीस मिनिटं बघायच्या. बाहेर मात्र लोकांना वाटायचं, इथे एकच गोष्ट दडलेली आहे आणि तीच सांगत नाहीत. तसं वाटायला कारण मीच होते.

मला हात लावणारं एकच माणूस होतं, भागीरथा. सेंटरमधली आया. रोज सकाळी स्टुलावर चढून ओल्या फडक्यानं मला पुसायची. पुसताना माझ्याशी बोलायची, म्हणजे स्वतःशीच बोलायची, पण तोंड माझ्याकडे असायचं. "तुयं बरं आहे वं," म्हणायची, "एकच गोष्ट सांगाची अन् गप बसाचं. मले पाहा, दिवसभर सांगा, पाणी प्या, पाणी प्या." मग दिवसभर कोणी नाही. संध्याकाळी शटर पडलं की मी आणि ते कॅलेंडरचं बाळ.

आता रितिकाची गोष्ट सांगते, कारण माझ्या सगळ्या आयुष्यात सांगण्यासारखं तेवढंच घडलं.

जानेवारीतली सकाळ होती. काटोलकडच्या एका गावातून तिघं आली. बापूजी, म्हणजे सासरे, पांढरं धोतर आणि स्वेटर, संत्र्याचा बगीचा असलेले. जिजाबाई, सासू, फारशी न बोलणारी. आणि रितिका, पाचवा महिना लागलेली, पहिलटकरीण. नवरा आयुष पुण्याला कंपनीत, त्याला सुट्टी मिळाली नव्हती. काउंटरवर फॉर्म भरताना फोन नंबर बापूजींनी आपलाच दिला. घरच्या कर्त्याचा नंबर, असं ते जरा रुबाबात म्हणाले.

रितिका आत गेली. पहिली वीस मिनिटं नेहमीसारखी गेली. मग मॅडम गप्प झाल्या. सात वर्षांत मी त्यांची ती शांतता ओळखायला शिकले होते. त्यांनी रितिकाला कुशीवर वळायला सांगितलं, पुन्हा बघितलं, पुन्हा सरळ केलं.

"रितिका," त्या म्हणाल्या, "बाळाच्या हृदयातून दोन मोठ्या रक्तवाहिन्या निघतात. तुझ्या बाळात त्यांच्या जागांची अदलाबदल झालेली दिसते आहे. पोटात आहे तोवर त्याला काही त्रास नाही, तुझ्याकडून सगळं मिळतंय त्याला. पण जन्मल्यावर काही तासांत ते निळं पडू शकतं. म्हणून बाळंतपण अशाच ठिकाणी व्हायला हवं जिथे तान्ह्या बाळांच्या हृदयाचे डॉक्टर आहेत. पहिल्या एक-दोन आठवड्यांत ऑपरेशन करतात. वेळेत केलं तर बहुतेक बाळं छान वाढतात. आधी फक्त हृदयाची वेगळी सोनोग्राफी करून खात्री करू. दोन आठवड्यांनी ये, नवऱ्याला घेऊन ये. घरात कोणाचं बाळ असं गेलंय का?"

"नाही, मॅडम."

"बाहेर सासूबाई आहेत, त्यांना आत बोलावू?"

"नका बोलावू. मी सांगतो घरी." आमच्याकडच्या बायका 'मी सांगतो' असंच म्हणतात.

दार उघडलं आणि ती माझ्याखाली उभी राहिली. हातात रिपोर्टचं पाकीट, डोळे भरलेले. बापूजी उठले. त्यांनी बंद दाराकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं समजलं. म्हणजे त्यांना तसं वाटलं.

"पोरगी आहे न?" ते हळूच म्हणाले.

रितिकानं मान वर केली.

"रडू नको वं बेटा. आम्ही का त्या जातीचे लोक आहोत? आम्हाले पोरगीच पाहिजे." मग त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "तुले कोणी सांगतलं नसन. आयुषच्या आधी आमची एक पोरगी होती. तीन दिवस राहिली घरात. निळी पडली अन् गेली. दवाखान्यात नेता नेताच गेली. तीस वर्षं झाले. आता तेच येऊन राहिली, समज."

जिजाबाईंनी पदर तोंडाला लावला होता. पण डोळ्यांत हसू होतं, ते मी वरून पाहिलं.

रितिकाचं तोंड उघडलं होतं. तिला सांगायचं होतं, नक्की सांगायचं होतं. पण आत्ता ऐकलेल्या त्या तीन दिवसांच्या बाळानंतर ती काय सांगणार? तिनं तोंड मिटलं आणि पाकीट पर्समध्ये खोल घातलं. बापूजींनी जाताना भागीरथाला सहा संत्री दिली. तिघं जिना उतरली.

मी ओरडले असते. माझ्या अंगावर लाल अक्षरांत उत्तर लिहिलेलं होतं, त्यांच्या डोक्यापासून दोन हातांवर. इथे सांगतच नाहीत हो! मग तुम्हाला कसं समजलं? पण पाटीला आवाज नसतो. वाचणारा असेल तरच ती बोलते.

दोन आठवडे झाले, रितिका आली नाही. काउंटरवरच्या मुलीनं फोन लावला. बापूजींनी उचलला. "डॉक्टरांनी पुन्हा तपासणीला बोलावलंय," ती म्हणाली. पलीकडून काय उत्तर आलं ते तिनं मॅडमना सांगितलं, "ते म्हणतात, गरज नाही, आमचं ठरलंय." मॅडमनी पुन्हा लावायला सांगितलं. तेच उत्तर. तिसऱ्या वेळी त्यांनी स्वतः फोन केला आणि रितिकाशी बोलायचं म्हणाल्या. "ती झोपली आहे," बापूजी म्हणाले म्हणे, आणि मग फोन उचलणंच बंद झालं.

भागीरथा मला पुसताना बडबडत होती. "सातव्या महिन्यात माहेरी जाईन ते पोरगी. सावनेरले. तिथं कोण आहे हृदयाचा डॉक्टर? बाळ जन्मन, सगळे पेढे वाटतीन, अन् दुसऱ्या दिवशी..." तपासणीच्या वेळी ती आतच असते, तिला सगळं माहीत होतं. पण कोणाचा रिपोर्ट कोणालाही सांगायचा नाही, ही तिची शपथ. माझ्यासारखीच. आम्ही दोघी त्या दिवसांत फार एकट्या होतो. ती निदान घरी तरी जायची.

मार्च लागला. ऊन तापायला लागलं, कूलरला नवीन खस बसली. एक दिवस दुपारी बापूजी आले. एकटेच. कळमन्याच्या बाजारात संत्री उतरवून आले होते. हातात संत्रा बर्फीचा डबा.

"घ्या बाई," त्यांनी तो भागीरथासमोर ठेवला. "तोंड गोड करा. पण तुमच्या मॅडमले सांगा, फोन करू नका म्हणा. आम्हाले पोरगी पाहिजे आहे. पुन्हा तपासा, पुन्हा तपासा, हे कशासाठी चालू आहे ते आम्हाले समजते. पोट पाडाचं असलं काम आमच्या घरात होणार नाही. परवा ते माहेरी चालली."

भागीरथानं डबा बाजूला सारला. मला वाटलं, आता सांगते. तिचे ओठ हललेही. मग ती उठली, बापूजींचा हात धरला आणि त्यांना माझ्यासमोर आणून उभं केलं.

"काकाजी, हे वाचा."

"काय वाचू? अशा पाट्या सगळीकडेच राहते. कायद्यासाठी लावते लोकं. आतमधी सांगतेतच न खुणेनं."

"वाचा तर सही. मोठ्यानं वाचा."

बापूजींनी खिशातून चष्मा काढला. चौथीपर्यंत शिकलेला माणूस. बोट वर करून, एकेका अक्षराखाली धरून त्यांनी वाचायला सुरुवात केली. "येथे... गर्भाचे... लिंग... सांगितले... जात... नाही."

सात वर्षांत मी पहिल्यांदा माझा आवाज ऐकला. म्हाताऱ्या, खरखरीत गळ्यातून आला, पण माझाच होता.

"सात वर्षं झाले मी इथं काम करून राहिली," भागीरथा म्हणाली. "माझ्या पोराची शपथ, या दारातून कोणाले कधी सांगतलं नाही. खुणेनं नाही, कशानं नाही."

बापूजींचं बोट 'नाही'वरच राहिलं. "मंग पोरगी काहून रडली?"

"ते मी सांगू शकत नाही. सुनबाईले इचारा. आत्ता इचारा."

त्यांनी तिथेच, माझ्याखाली उभं राहून फोन लावला. मला एकाच बाजूचं ऐकू आलं. तेवढंच सांगते.

"रितिका बेटा... हो, पोहोचलो. तुले एक इचारतो. डॉक्टरीणबाईनं पोरगी आहे म्हणून सांगतलं होतं काय?... मंग?... नाही नाही, रागावत नाही मी. सांग... सांग वं."

मग ते खूप वेळ ऐकत राहिले. भागीरथानं कूलर बंद केला.

"काय पडते म्हणते?... निळं?"

बापूजी बाकावर बसले.

"अन् हे तू दोन महिने एकटीनं... आयुषलेही नाही सांगतलं?... नाही बेटा. तुयं काही चुकलं नाही. मीच... मीच बोलत बसलो. रडू नको. बॅग भरली ते उघड. माहेरी नाही जाचं. मी येऊन राहिलो."

फोन ठेवून ते बराच वेळ चष्मा पुसत होते. पुसून पुसूनही त्यांना तो स्वच्छ वाटत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडायच्या आधीच तिघं जिन्यात बसलेली. पुण्याहून आयुष निघाला होता, तो दुपारी पोहोचला. यावेळी मॅडमनी सगळ्यांना आत घेतलं आणि कागदावर हृदयाचं चित्र काढून समजावलं. तोच प्रश्न पुन्हा विचारला, घरात कोणाचं बाळ असं गेलं होतं का. आणि जिजाबाई बोलल्या. बाळ कसं दूध ओढायचं आणि दमायचं, ओठ कसे जांभळे व्हायचे, तिसऱ्या दिवशी काय झालं. तीस वर्षांत त्यांना हे कोणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे सगळं जसंच्या तसं ठेवलेलं होतं. त्यांच्या बाळाला हेच झालं होतं की दुसरं काही, ते आता सांगता येणार नाही, असं मॅडम म्हणाल्या.

बाहेर आल्यावर जिजाबाईंनी रितिकाला माझ्याखालीच थांबवलं.

"मले काहून नाही सांगतलं वं?"

"आई, तुमचं बाळ तसं गेलं म्हटल्यावर मी कोणत्या तोंडानं..."

"म्हणून तर मलेच पहिले सांगाचं होतं," जिजाबाई म्हणाल्या, आणि त्या दोघी तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेत, एकमेकींना धरून रडल्या. एक बाई कडेनं वाट काढून आत गेली.

हृदयाच्या वेगळ्या सोनोग्राफीत मॅडमचं निदान खरं ठरलं. बाळंतपण शहरातल्या मोठ्या इस्पितळात करायचं ठरलं, जन्मल्याबरोबर बाळाला हृदयाच्या डॉक्टरांच्या ताब्यात द्यायचं. पहिलं बाळंतपण माहेरी हा रिवाज मोडणार होता. पण बापूजींनी त्यावरही तोड काढली. सक्करदऱ्याच्या तलावाजवळ दोन खोल्या घेतल्या आणि रितिकाच्या आईला सावनेरहून तिथेच आणून ठेवलं. "पोरगी माहेरी जाऊ शकत नाही न," ते भागीरथाला म्हणाले, "मंग माहेरच इकडे बोलावलं." एप्रिल-मेमध्ये रितिका दोनदा तपासणीला आली. प्रत्येक वेळी बापूजी दाराशी थांबून मला नमस्कार करायचे. लोक हसायचे. मला हसू येत नव्हतं. मला कोणी माणसासारखं वागवलेलं तेवढंच.

शेवटची ती आली मेच्या शेवटी, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत कडक नऊ दिवस, चालू असताना. पोट मोठं, चेहरा घामानं भिजलेला. तारीख पुढच्या आठवड्याची होती. जिना उतरताना तिच्या सँडलचा आवाज मी शेवटच्या पायरीपर्यंत ऐकला.

त्या आठवड्यातच सेंटरला रंग लागला. भिंती फिकट हिरव्या झाल्या आणि नवीन पाटी आली, मोठी, मागून दिवा लागणारी. रंगाऱ्यानं मला स्क्रू काढून उतरवलं. एक कोपरा तडकला. भागीरथा सुट्टीवर होती, तिनं असं होऊ दिलं नसतं. कोणीतरी मला उचलून इथे आणलं आणि तोंड भिंतीकडे करून ठेवलं. वाईट हेतूनं नाही. उभी करायची म्हणून केली, एवढंच.

म्हणून बाळाचं काय झालं ते मला कळलं नाही. जून गेला, पाऊस पडला, भिंतीला ओल आली. इथे मला पुसायला कोणी नाही. धूळ बसली तरी चालेल, पण प्रश्न फार छळायचा. बाळ निळं पडलं का? डॉक्टर वेळेवर पोहोचले का? ऑपरेशन झालं का? माझ्यासमोर दोन बोटांवर भिंत, आणि तिला मी काय विचारणार? रात्र आणि दिवस मला इथे सारखेच. एवढी एकटी मी दुकानात वाळत असतानाही नव्हते.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात बाहेर आवाज आला. "भागीरथाबाई हायेत काय?" म्हातारा, खरखरीत आवाज. मी तो हजारांत ओळखला असता.

मग एक रडणं ऐकू आलं. काय रडणं ते! त्यानं स्टोअरच्या दाराची कडीसुद्धा वाजली.

"आगं माय!" भागीरथा धावत आली असणार. "छातीत दम पाहा किती आहे बाळाच्या!"

"चिरून शिवली ते छाती," बापूजी म्हणाले. "बाराव्या दिवशी. रेघ आहे पाहा हे एवढी."

"तेल लावताना आई तेवढी जागा सोडून देतात," रितिकाचा आवाज. हसत होती. "भीती जात नाही म्हणतात अजून."

"जाईन वं हळूहळू," जिजाबाई म्हणाल्या.

बर्फीचा डबा उघडला, मॅडम बाहेर आल्या, सगळे एकदम बोलायला लागले. मग बापूजी माझ्या जुन्या जागेपाशी आले असावेत, कारण त्यांचा आवाज एकदम जवळ आला. बाळाला उचलून त्यांनी नवीन पाटी वाचून दाखवली, सावकाश, एकेक शब्द. वाचून झाल्यावर विचारलं, "आपली जुनी कुठं गेली?"

"स्टोअरात ठेवली, काकाजी. तडकली ते."

"फेकू नका बाप्पा तिले," ते म्हणाले.

एवढंच. कोणी दार उघडलं नाही, उघडायचं कारणही नव्हतं. थोड्या वेळानं ते सगळे जिना उतरून गेले. बाळ खालपर्यंत रडत होतं, आणि मी त्याचा शेवटचा हुंदका विरेपर्यंत ऐकत होते.

माझं आता फारसं काही राहिलेलं नाही. कधीतरी भंगारवाला येईल. तुमच्या घरातली कोणी अशी दारामागून डोळे भरून बाहेर आली, तर आपल्या मनानं अर्थ लावू नका, एवढीच विनंती. तिला विचारा. आणि विचारल्यावर आपण गप्प बसा.

तुम्हीही आता विचाराल, मुलगा होता की मुलगी? माझं तोंड भिंतीकडे होतं, मला दिसलं नाही. आणि दिसलं असतं तरी मी सांगितलं नसतं. माझ्या अंगावर दुसरं लिहिलंय काय?